पिंपावरचं घड्याळ कुणी पाहिलं?

गेल्या पावसाळ्यात तळोज्याला उद्योजकांच्या एका परिसंवादाला गेलो होतो. विषय होता रसायनांची आयात-निर्यात आणि कस्टम्सची कटकट. 'कटकट' हा शब्द कार्यक्रमपत्रिकेत नव्हता, पण पहिल्या वक्त्यानं माइक हातात घेताच तो वापरला आणि टाळ्या मिळवल्या. अ‍ॅसिडचा एक टँक बंदरातून सोडवायला किती कागद लागतात हे तो बोटांवर मोजून दाखवत होता; दहा बोटं संपली तेव्हा त्यानं शेजाऱ्याचा हात धरला. सभागृह हसलं. त्याच्यानंतर पर्यावरणाचं काम करणाऱ्या एक बाई उठल्या. अ‍ॅसिडसारखी जिनसं बंदरातून इतक्या सहज येतातच कशी, यावर आणखी दोन परवाने आणि आणखी एक खातं हवं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनाही टाळ्या मिळाल्या, थोड्या कमी. पुढचे दोन तास हीच ओढाताण चालली. दोन्ही बाजू कागद मोजत होत्या. एकीला ते कमी करून हवे होते, दुसरीला वाढवून.

मी पंचवीस वर्षं याच कागदांवर पोट भरतोय. आधी एका कस्टम्स ब्रोकरकडे, म्हणजे ज्याला आमच्यात अजूनही सीएचए म्हणतात त्याच्याकडे, आणि नंतर एका रसायन कारखान्याच्या एक्स्पोर्ट-इम्पोर्ट खात्यात. माझ्या मते ही लढाई चुकीच्या मैदानात चालली आहे. अ‍ॅसिडच्या बाबतीत विचारण्यासारखा प्रश्न एकच: हा कागद लिहिणारा, वाचणारा किंवा त्यावर शिक्का मारणारा, यांतला एक तरी माणूस त्या पिंपासमोर उभा राहिला होता का? राहिला असेल तर चार कागद पुरेत. नसेल तर चाळीस आणले तरी गळायचं ते पिंप गळणारच. तेव्हा आजचे काही परवाने खुशाल रद्द करावेत, आणि त्यांच्या जागी दोन जबाबदाऱ्या अशा टाकाव्यात की त्या व्यापाऱ्यांनाही झोंबतील आणि बंदरांनाही.

बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात सांगतो. माल आला की बिल ऑफ एंट्री, जायचा असला की शिपिंग बिल, म्हणजे कस्टम्सपुढं मालाची माहिती मांडणारे मूळ कागद. १९६२ च्या कस्टम्स कायद्याची अनुक्रमे ४६ आणि ५० ही कलमं. सोबत इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, तपासणी अहवाल, आम्ही ज्याला एमएसडीएस म्हणतो ते सुरक्षापत्रक. टॅरिफच्या, म्हणजे ड्युटीच्या दरपत्रकाच्या, अठ्ठाविसाव्या प्रकरणात हायड्रोक्लोरिक २८०६, सल्फ्युरिक २८०७, नायट्रिक २८०८, फॉस्फोरिक २८०९. जहाजासाठी वेगळी भाषा, धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांनी दिलेल्या क्रमांकांची: तिथं सल्फ्युरिक म्हणजे यूएन १८३०, नायट्रिक म्हणजे यूएन २०३१, आणि सगळी मंडळी आठव्या वर्गातली, म्हणजे कातडी आणि धातू खाणारी. २०११ पासून ड्युटीचा हिशेब आयातदारानं स्वतःच करायचा असतो, आणि कुठला माल उघडून पाहायचा ते बहुतांशी संगणकाची जोखीम-यंत्रणा ठरवते. पुष्कळ माल न उघडताच बाहेर पडतो. हे मुद्दाम सांगतो, कारण परिसंवादातल्या दोन्ही बाजू असं गृहीत धरून बोलत होत्या की कस्टम्स प्रत्येक पिंपाचं झाकण काढून वास घेतं.

आता आधी व्यापाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य करतो, आणि तो त्यांनी स्वतः मांडला त्याहून भक्कम करून मांडतो. ते फक्त पैशाचं रडत होते: डेमरेज आणि डिटेन्शन, म्हणजे माल आणि कंटेनर अडकून पडल्याचा भुर्दंड, आणि सीएफएसचं, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर-यार्डाचं, भाडं. ते खरंच आहे. लहान कारखान्याचा नफा दहा दिवसांच्या डेमरेजमध्ये वाहून जातो. पण खरी गोष्ट त्यापुढची आहे. अडकलेला माल हाच धोका असतो. एप्रिल-मेच्या उन्हात उरण रस्त्यावरच्या यार्डात पत्र्याचा कंटेनर तापतो तेव्हा आतल्या पिंपांचं काय होतं हे सांगायला रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. नियम पाळण्याच्या नावाखाली आपण ते पिंप जिथं सर्वांत कमी देखरेख आहे तिथं सर्वांत जास्त दिवस ठेवतो.

बैरुत आठवा. ४ ऑगस्ट २०२० ला तिथल्या बंदरात जे उडालं ते अ‍ॅसिड नव्हतं, अमोनियम नायट्रेट होतं. नायट्रिक अ‍ॅसिड आणि अमोनिया यांचं अपत्य. २,७५० टन माल २०१३ मध्ये आलेल्या एका जहाजातून उतरवून गोदामात ठेवला आणि तिथंच राहू दिला. आणि कागद? कागद भरपूर होते. तिथल्या कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी २०१४ ते २०१७ या काळात न्यायालयाला किमान सहा पत्रं लिहिली की या मालाचं काय करायचं ते सांगा. पत्र लिहिलं की लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते, ही समजूत काही लेबनॉनची खासियत नाही. त्या स्फोटानंतर आपल्याकडे धावाधाव झाली तेव्हा चेन्नईजवळ मणलीच्या एका यार्डात २०१५ मध्ये जप्त केलेलं सुमारे ७०० टन अमोनियम नायट्रेट पाच वर्षं पडून असल्याचं सगळ्यांना 'कळलं'. मग काही दिवसांत लिलाव झालेला तो माल हैदराबादला रवाना झाला. म्हणजे तो हलवता येत होता. ३० दिवसांत न सोडवलेला माल विकून टाकण्याची सोय कस्टम्स कायद्याच्या ४८ व्या कलमात आहेच. जप्तीच्या मालाची वाट वेगळी, खटला-अपील सगळं असतं, हे मलाही ठाऊक आहे. पण ज्वालाग्राही आणि दाहक माल खटला संपेपर्यंत वाट पाहत बसत नाही.

तर मुद्दा मान्य. पण त्यातून व्यापारी जो निष्कर्ष काढतात, कागद उडवा आणि माल सोडा, तो कसा निघतो? इथं मला एका जहाजाची गोष्ट जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण आमच्या धंद्यातली माणसंही ती अर्धीच सांगतात.

एक्स-प्रेस पर्ल हे काही महिन्यांपूर्वीच पाण्यात उतरलेलं कोरं करकरीत जहाज मे २०२१ मध्ये दुबईच्या जेबेल अलीहून निघालं. पोटात १,४८६ कंटेनर. त्यांतल्या एकात नायट्रिक अ‍ॅसिड होतं. जहाजावर एकूण २५ टन. वाटेतच लक्षात आलं की तो कंटेनर गळतोय. जहाज कतारच्या हमाद बंदराला गेलं, तिथं विनंती केली की हा एवढा उतरवून घ्या. नकार. मग आपल्या गुजरातेतल्या हजीऱ्याला आलं. तिथंही नकार. जहाज चालवणाऱ्या कंपनीनं नंतर सांगितलं त्यानुसार दोन्हीकडचं कारण एकच: गळतं अ‍ॅसिड हाताळायची सोय आणि तज्ज्ञ लगेच उपलब्ध नाहीत. जहाज तसंच पुढं कोलंबोला गेलं. २० मे रोजी धूर दिसला, पुढचे जवळजवळ दोन आठवडे ते किनाऱ्यासमोर जळत राहिलं, जूनमध्ये बुडालं. सुमारे १,६८० टन प्लास्टिकचे मणी समुद्रात सांडले, मासेमारी बंद पडली, मेलेली कासवं किनाऱ्याला लागत राहिली. जुलै २०२५ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एक अब्ज डॉलर भरपाई ठरवली.

आता या गोष्टीत कागद कुठं कमी होता? तो कंटेनर धोकादायक माल म्हणून जाहीर केलेला होता. चोरून, साबणाच्या नावाखाली आलेला नव्हता. जेबेल अलीसारखं निष्णात बंदर सोडून तो निघाला होता. कागद बरोबर, वर्ग बरोबर, क्रमांक बरोबर, आणि तरी पिंप गळत होतं. म्हणजे 'आणखी परवाने हवेत' म्हणणाऱ्या बाईंना मी विचारीन की तुमचा तो तेविसावा परवाना या गोष्टीत नेमका कुठं कामी आला असता? आणि 'कागद उडवा' म्हणणाऱ्यांना विचारीन की बाबांनो, तुमचा माल ज्या जहाजावर चढतो त्याच जहाजावर शेजारी कुणाचं तरी नायट्रिक असतं. त्याचं पिंप कुणी तपासलं हे न कळता तुम्हाला झोप येते का? कारखान्यात अ‍ॅसिड कुठल्या टाकीत आहे आणि बाजूला काय आहे हे आपल्याला माहीत असतं. जहाजावर शेजार निवडता येत नाही.

हा शेजाराचा प्रश्न मुंबईकरांना तरी नवा वाटू नये. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन हे जहाज उडालं, शेकडो माणसं गेली, गोदीच्या आसपासच्या वस्त्या जळाल्या. त्याच्या पोटात १,४०० टनांच्या आसपास स्फोटकं होती आणि त्यांच्या जोडीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या गाठी. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवू नयेत हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण लढाईचे दिवस, जहाजात जागा कमी, आणि माल कराचीत अडकून पडलेला. 'माल लवकर सोडा' याचाच तो १९४४ चा अवतार होता. बंदराला लागून दोन दिवस झाले तरी स्फोटकं पोटातच होती. आज १४ एप्रिलला अग्निशमन सप्ताह सुरू होतो, शाळांतून फोमच्या नळ्यांची प्रात्यक्षिकं होतात. शेजाराचा धडा मात्र त्या प्रात्यक्षिकात नसतो.

इथं माझी स्वतःची एक चूक सांगतो. दुसऱ्यांच्या चुका सांगून झाल्यावर ती लपवणं बरं नाही.

नायट्रिक अ‍ॅसिडच्या निर्यातीचा एक कंटेनर होता, ६८ टक्क्यांचं, निळ्या प्लास्टिकच्या पिंपांत. तीव्रतेचा आकडा उगाच सांगत नाही. ६५ टक्क्यांच्या खाली असलं तर ते फक्त दाहक, ६५ आणि त्यावर गेलं की दाहक शिवाय ऑक्सिडायझर, म्हणजे दुसऱ्याची आग भडकवणारं, लेबल दोन लागतात आणि जहाजावरची जागा बदलते. तपासणी अहवालात ६४ आणि इन्व्हॉइसवर 'सुमारे ६५' असं लिहिणारे महाभाग मी पाहिलेत. आमचे कागद तसे नव्हते. सगळं चोख. पिंपाचं यूएन प्रमाणपत्र, धोकादायक मालाचं घोषणापत्र, आणि कंटेनर पॅकिंग सर्टिफिकेट, ज्यावर कुणीतरी सही करायची असते की माल योग्य पॅकिंगमध्ये, नीट बांधून, तपासून भरलेला आहे. ते कुणीतरी म्हणजे मी. कंटेनर कारखान्याच्या मागच्या फाटकाशी उभा होता आणि मी पहिल्या मजल्यावर एसीत बसून सही करून मोकळा झालो होतो.

आमच्याकडे पॅकिंगला तात्या म्हणून एक जुने गृहस्थ होते, आता निवृत्त झाले. ते जिना चढून वर आले. त्यांना गुडघ्याचा त्रास, ते वर येत नसत. म्हणाले, "साहेब, जरा खाली चला, पिंपावरचं घड्याळ दाखवतो." मला वाटलं थट्टा करतायत. प्लास्टिकच्या पिंपाच्या अंगावर साच्यातच उठवलेली एक गोल खूण असते, रुपया-दोन रुपयांच्या नाण्याएवढी; कडेनं एक ते बारा आकडे, मध्ये बाण आणि वर्ष. पिंप कुठल्या महिन्यात ओतलं ते त्यावरून कळतं. तात्यांनी ओल्या फडक्यानं एक खूण पुसली आणि बोट ठेवलं. पिंप तीन वर्षांपूर्वीचं होतं. पुरवठादारानं जुना साठा नव्याबरोबर मिसळून पाठवला होता. अशी अकरा निघाली.

सागरी वाहतुकीच्या आयएमडीजी संहितेत ५५ टक्क्यांवरच्या नायट्रिकसाठी प्लास्टिकचं पिंप तयार झाल्यापासून दोनच वर्षं वापरता येतं. इतर बहुतेक मालासाठी पाच. नायट्रिक प्लास्टिकला आतून ठिसूळ करत जातं, म्हणून हा नियम. मला तो माहीत होता का? वाचलेला होता, कधीतरी. पण माझ्या अकराच्या अकरा कागदांत 'पिंप कुठल्या महिन्याचं' असा प्रश्न कुठंही नव्हता. यूएन प्रमाणपत्र असतं ते पिंपाच्या नमुन्याचं. तसलं पिंप उंचावरून टाकून, दाब देऊन तपासलं आणि उतरलं, एवढंच ते सांगतं. समोर उभ्या असलेल्या त्या अकरा पिंपांबद्दल त्या कागदाला काही ठाऊक नसतं. आणि २०१७ पासून निर्यातदारानं कारखान्यातच इलेक्ट्रॉनिक सील लावायची सोय झालेली. ते सील शाबूत असलं तर बंदरात कंटेनर सहसा उघडत नाहीत. सोय उत्तमच आहे, मी तिचा लाभार्थी आहे. पण तिचा अर्थ असाही होतो की तात्यांच्या गुडघ्यानं त्या दिवशी जिना चढायला नकार दिला असता, तर ती अकरा पिंपं थेट परदेशातच उघडली असती. किंवा वाटेत.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिचेही दोन मुद्दे मला खोडता येत नाहीत. पहिला: अ‍ॅसिड वाईट हातांत पडतं. हे निव्वळ भय नाही. सल्फ्युरिक आणि हायड्रोक्लोरिक ही दोन्ही १९८८ च्या अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या तक्त्यात आहेत. हायड्रोजन फ्लोराइड रासायनिक अस्त्रांच्या कच्च्या मालात मोडतं. अशा मालाच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या ज्या ऑस्ट्रेलिया गटाच्या यादीत ते आहे त्यात भारत २०१८ मध्ये सामील झाला. दुसरा मुद्दा: व्यापाऱ्यावर सोडलं तर व्यापारी स्वतःहून काही करत नाही. खरं आहे. मी स्वतः कुठं केलं होतं?

पण मग नियंत्रण कुठं खरोखर चालतं ते पाहू. असेटिक अनहायड्राइड घ्या. मॉर्फिनपासून हेरॉइन करायला ते लागतं, म्हणून ते त्याच कराराच्या पहिल्या तक्त्यात आहे. ते निर्यात करायचं तर ग्वाल्हेरच्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं ना-हरकत पत्र लागतं. त्रास होतो, वेळ लागतो, शिव्याही दिल्यात मी. पण तो कागद फाइलमध्ये जाऊन झोपत नाही. निर्यातीची आगाऊ सूचना २००६ पासून ऑनलाइन यंत्रणेतून घेणाऱ्या देशाकडे जाते, आणि तिथल्या कुणाला तरी हे तपासून उत्तर द्यायला सवड मिळते की बाबा, असा कारखाना आमच्याकडे खरंच आहे का आणि त्याला एवढा माल लागतो का. कागदाच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे. म्हणून हा परवाना मला मान्य आहे, कितीही जाच होवो.

याच्या उलट बोरिक अ‍ॅसिड. वाचक, तुम्ही ते लहानपणी कॅरमबोर्डावर भुरभुरवलेलं आहे. ते झुरळं मारायलाही वापरतात, म्हणून १९६८ च्या कीटकनाशक कायद्याच्या यादीत त्याचं नाव आहे. परिणामी काच किंवा सिरॅमिकवाल्याला, ज्याचा झुरळांशी काही संबंध नाही, तेच अ‍ॅसिड आणायचं तर फरिदाबादच्या कीटकनाशक मंडळाकडून 'कीटकनाशकाखेरीज वापरासाठी' असा आयात परवाना घ्यावा लागत आला आहे. कृषी खातं काचेच्या भट्टीचं काय तपासणार? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. गुणवत्ता नियंत्रण आदेशांचंही असंच. असेटिक अ‍ॅसिडला २०१९ मध्ये भारतीय मानकाची सक्ती झाली, म्हणजे परदेशी उत्पादकानं इथल्या मानक ब्युरोचा परवाना घेतल्याशिवाय त्याचा माल येणार नाही. हेतू सांगितला तो गुणवत्तेचा. पण ज्याला माल लागतो त्याला त्याची शुद्धता समजते, तो नमुना तपासल्याशिवाय पैसे देत नाही. मग ही काळजी कुणासाठी? नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारनंच अशा काही सक्ती मागं घेतल्या, त्यात पॉलिएस्टरचा कच्चा माल असलेलं टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिडही होतं. गुणवत्ता एका रात्रीत सुधारली म्हणून त्या मागं घेतल्या असं निदान मी तरी ऐकलं नाही.

नावावरून घाबरायची ही सवय तर गमतीदार पातळीला जाते. स्टिअरिक अ‍ॅसिड म्हणजे साबणाला, मेणबत्तीला लागणारे मेणासारखे पांढरे काप. एका शिपिंग लाइननं मला ते धोकादायक मालाच्या घोषणापत्राशिवाय घेणार नाही म्हणून तीन दिवस टांगलं होतं, कारण त्यांच्या संगणकाला 'अ‍ॅसिड' हा शब्द दिसला. त्याच आठवड्यात पत्र्याच्या टाकीतल्या ९८ टक्के सल्फ्युरिकबद्दल मला कुणी काही विचारलं नाही. आता ९८ टक्क्यांचं सल्फ्युरिक साध्या पोलादात राहतं हे बरोबर आहे, पण त्यात पाणी गेलं, ते पातळ झालं, की तेच पोलाद ते खायला लागतं आणि हायड्रोजन सोडतं. कडक अ‍ॅसिड बिनधोक आणि पातळ अ‍ॅसिड धोक्याचं, हे नावावरून, टॅरिफच्या आकड्यावरून कसं कळणार? २८०७ दोन्हींना.

इतिहासात ही चूक करून सुधारलेली मंडळी आहेत. इंग्लंडात १८६३ मध्ये अल्कली कायदा झाला. सोडा बनवणारे कारखाने हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा वायू धुराड्यातून सोडत आणि मैलोन्‌मैल झाडं जळत. कायद्यानं कारखान्यांना परवान्यांची माळ घातली नाही. एक आकडा सांगितला: ९५ टक्के वायू पाण्यात धरा. आणि एक निरीक्षक नेमला, रॉबर्ट अँगस स्मिथ, स्वतः रसायनशास्त्रज्ञ, जो मोजायची साधनं घेऊन धुराड्यापाशी जात असे. कारखानदारांनी धंदा बुडणार म्हणून ओरड केली. पुढं त्याच पकडलेल्या अ‍ॅसिडपासून ब्लीचिंग पावडर करून ती विकली. पण त्या कायद्याची एक खोटही होती. तो एकाच अ‍ॅसिडचं नाव घेऊन लिहिलेला होता, बाकीचे धूर मोकळे. १८७४ आणि १८८१ मध्ये तो रुंदवावा लागला. नाव सोडून गुणाकडे यायला त्यांना अठरा वर्षं लागली. आपण बोरिक अ‍ॅसिडच्या बाबतीत किती घेणार आहोत?

माझ्यावर आक्षेप येईल की प्रत्येक पिंपापुढं माणूस उभा करायला एवढी माणसं आणायची कुठून. देशात खतांसाठीच सल्फ्युरिक आणि फॉस्फोरिकची जहाजंच्या जहाजं उतरतात. २०१८ मध्ये तुतिकोरिनचा तांबं गाळणारा कारखाना बंद झाला, त्याचं जोडउत्पादन असलेलं अ‍ॅसिड थांबलं आणि आयात वाढली. मोरोक्को, जॉर्डन, सेनेगलच्या फॉस्फोरिकवर आपला डीएपी चालतो. ते अडलं तर पेरणीच्या तोंडावर यवतमाळ-लातूरच्या दुकानात पोती नसतील. मान्य. पण पारादीपला किंवा मुरगावला जहाजातून नळीनं थेट टाकीत जाणारं अ‍ॅसिड हा माझा विषयच नाही. ते डोळ्यांसमोर असतं, एकाच मालाचं, एकाच मालकाचं, आणि तिथं जाणकार माणूस उभा असतोच. धोका आहे तो फुटकळात: कुणाचे वीस ड्रम, कुणाचे चार कारबॉय, म्हणजे अ‍ॅसिडच्या मोठ्या बरण्या, एकाच कंटेनरात कोंबलेले, सही करणारा तिसऱ्याच गावी. तेवढ्यासाठी जे लागेल ते मनुष्यबळ बोरिकच्या परवान्यांवर बसलेल्यांना मोकळं करूनही मिळेल.

म्हणून माझ्या दोन मागण्या. पॅकिंग सर्टिफिकेटवर सही करणाऱ्यानं कंटेनर भरताना तिथं हजर असलंच पाहिजे, पिंपांच्या तारखांचे फोटो शिपिंग बिलाला जोडलेच पाहिजेत, आणि गळती झाली तर त्याच नावाच्या माणसाला विचारलं गेलं पाहिजे. आमच्या धंद्याला हे आवडणार नाही; सहीचे दर ठरलेले आहेत, एवढंच इथं लिहितो. दुसरी मागणी बंदरांकडे. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांत आयातदारानं ३० दिवस आधी, ते जमत नसेल तर निदान माल येण्याच्या तारखेपर्यंत, संबंधित यंत्रणेला सूचना द्यायची असते: काय येतंय, किती, कुठल्या बंदरात. ही सूचना आम्ही देतो. पोचही मिळते. तिचं पुढं काय होतं? ती बंदराच्या अग्निशमन चौकीत पोचते का? जे बंदर आठव्या वर्गाचा माल हाताळून पैसे कमावतं, त्याच्याकडे गळता कंटेनर उतरवून घ्यायची एक वेगळी, पक्क्या उताराची, निचरा गोळा करणारी जागा असलीच पाहिजे, आणि वाटेवरच्या जहाजानं मागितली तर ती द्यायला त्याला नाही म्हणता येऊ नये.

इथं बंदरवाले म्हणतील की दुसऱ्याची घाण आम्ही का घ्यावी. प्रश्न रास्त आहे, मीही त्यांच्या जागी तेच म्हटलं असतं. पण घाण किती वेळ दुसऱ्याची राहते? जून २०२५ मध्ये केरळच्या किनाऱ्यासमोर वान हाय ५०३ हे जहाज पेटलं. शंभराहून जास्त कंटेनर धोकादायक मालाचे होते, चार खलाशी बेपत्ता झाले. ते कोलंबोहून निघालं होतं आणि आमच्या न्हावा शेवा बंदराकडे येत होतं. थोडं उशिरा पेटलं असतं तर आमच्या धक्क्यावर पेटलं असतं, आणि मग परिसंवाद तळोज्याला झालाच नसता.

तात्या निवृत्त झाल्यावर मी चेकलिस्टमध्ये हातानं एक ओळ वाढवली होती: 'घड्याळ पाहिलं', आणि पुढं सहीला जागा. काही वर्षं ती चालली. गेल्या महिन्यात आमच्या ब्रोकरकडच्या नव्या पोरानं पाठवलेली यादी पाहिली तर ती ओळ गायब. फोन केला. पोरगा हुशार आहे, परीक्षा पास झालेला, अदबीनं बोलतो. म्हणाला, "सर, पोर्टलवर अपलोड करताना त्यासाठी रकानाच नव्हता. मला वाटलं, कुणी गमतीनं लिहिलंय."